मिसळ, येऊरचा चढ आणि श्वासातला ऑक्सिजन

रविवारी सकाळी भाचीला घेऊन ठाण्यात मामलेदारची मिसळ खायला गेलो, तिने मिडियम घेतली मी तिखट, मग स्कूटरवरून उपवन, तिथे गाडी लावली आणि चालत येऊरच्या चढाला लागलो. दहावीत आहे ती, त्यामुळे सध्या आमच्या कुटुंबात कुठलाही विषय निघाला तरी तो फिरून बोर्डाच्या परीक्षेवर येतो. दुसऱ्या वळणावर तिला धाप लागली. मला खरं तर पहिल्याच वळणावर लागली होती पण मी फोन बघायचं निमित्त करून उभा राहिलो होतो. म्हटलं थांबलोच आहोत तर विचारू या, "सांग बरं, आत्ता तू हा एवढा ऑक्सिजन ओढतेयस, त्याचं आत गेल्यावर काय होतं?"

"कार्बन डायऑक्साइड होतो आणि बाहेर येतो. मामा, हे सातवीतलं आहे."

चूक. आणि ही चूक तिची एकटीची नाही, मी स्वतः बीएस्सी होईपर्यंत हेच धरून चाललो होतो, आणि तुम्ही आत्ता सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंत तर दहातले नऊ जण हेच सांगतील. आपण जो ऑक्सिजन आत घेतो त्याचं पेशीत पाणी होतं. बाहेर पडतो त्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन मिसळीतला, आणि त्याला चिकटलेला ऑक्सिजनसुद्धा अन्नातला आणि पेशीत आधीपासून असलेल्या पाण्यातला. श्वासातल्या ऑक्सिजनची आणि अन्नाची थेट गाठच पडत नाही. हे कळलं ना की ऑक्सिश्वसन, म्हणजे ऑक्सिजनच्या मदतीने पेशी अन्नातून ऊर्जा काढते ते, नावाचा तो अख्खा रटाळ धडा एकदम सरळ होतो, म्हणून भाचीला वर पोचेपर्यंत जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी पाव. पाव म्हणजे मैदा, मैदा म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक माळ. तोंडातली लाळ आणि पुढे आतड्यातले रस ती माळ तोडतात, सुटे मणी रक्तात येतात, तिथून पेशीत. हे पचन, याच्यात ऊर्जा वगैरे काही सुटत नाही, नुसती सुट्टी मोड होते. अख्ख्या रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं साधारण 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि तेवढ्यावर आपण ऑफिस, लोकल, भांडणं सगळं चालवतो, कारण मागून सतत भरणा चालू असतो.

आता या ग्लुकोजला पेटवून दिलं तर? साखर जळते, आपण गॅसवर सांडली की बघतोच. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे 686 किलोकॅलरी उष्णता निघते. पण पेशीला उष्णता घेऊन काय करायचंय, तिला कामाला येईल अशी ऊर्जा पाहिजे आणि तीसुद्धा चिमटी चिमटीने. पाचशेची नोट घेऊन सकाळी टीएमटीत चढा आणि दहा रुपयांचं तिकीट मागा, कंडक्टर कसा बघतो ते आठवा. ग्लुकोज ही पाचशेची नोट आहे. पेशीतला प्रत्येक व्यवहार सुट्ट्यात होतो, स्नायू आखडायचा असो की मेंदूतला सिग्नल पाठवायचा असो, आणि त्या सुट्ट्या नाण्याचं नाव एटीपी. हे 1929 साली दोन ठिकाणी सापडलं, जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि तिकडे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करणाऱ्या आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बारावांचं नाव आपल्याकडे शाळेत कुणी घेत नाही याचा मला कायम राग येतो, असो.

एटीपीचा साठा करता येत नाही ही गंमत. शरीरात एका वेळी ते फार तर पाव किलोच्या आत असतं, पण दिवसभरात आपण आपल्या वजनाइतकं एटीपी मोडतो आणि परत बनवतो. भाचीला सांगितलं की तुझं 45 किलो, तर रोज तेवढं एटीपी तू झोपून राहिलीस तरी फिरवतेस. ती म्हणाली मग माझी पाठ का दुखत नाही. प्रश्न बरोबर आहे, उत्तर हे की तेच ते रेणू पुन्हा पुन्हा वापरले जातात, मोडले की जोडले, मोडले की जोडले, दिवसात शेकडो वेळा.

तर ग्लुकोजची नोट मोडायचं काम तीन टप्प्यांत होतं. पुस्तकात तिन्हीला सारखी जागा दिलीय, माझ्या मते तसं नको होतं, पहिले दोन पटकन उरकावेत आणि तिसऱ्यावर बसावं, कारण खरी मजा तिथेच आहे.

पहिला टप्पा ग्लायकोलायसिस, पेशीद्रव्यात होतो, दहा पायऱ्या. सहा कार्बनचं ग्लुकोज मधोमध तुटून तीन तीन कार्बनच्या पायरुविक आम्लाचे दोन तुकडे होतात. हातात निव्वळ दोन एटीपी पडतात. दोन! एवढ्या मोठ्या नोटेचे. पण याला ऑक्सिजन अजिबात लागत नाही हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा टप्पा मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पुस्तकी भाषेत तंतुकणिकेत. पायरुविक आम्लाचा एक कार्बन दारातच कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, उरलेला दोन कार्बनचा तुकडा चार कार्बनच्या एका रेणूला चिकटतो आणि सायट्रिक आम्ल बनतं, तेच, मिसळीवर पिळलेल्या लिंबातलं. मग ते गोल फिरतं, फिरता फिरता दोन कार्बन सोडतं आणि पुन्हा चार कार्बनवर येऊन पुढच्या तुकड्याची वाट बघतं. हे क्रेब चक्र. हान्स क्रेब्स यांनी 1937 मध्ये मांडलं तेव्हा नेचर नियतकालिकाने त्यांचं पत्र छापायला नकार दिला होता, जागा नाही म्हणून, आणि 1953 मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. दहावीच्या पोरांना पहिल्या प्रीलिमला कमी मार्क पडले की मी हा किस्सा सांगतो.

हिशोब बघा. ग्लुकोजचे सहा कार्बन होते, दोन दारात गेले, चार चक्रात गेले, सहाही कार्बन डायऑक्साइड होऊन संपले. आणि अजून आपल्या श्वासातला ऑक्सिजन स्टेजवर आलेलाच नाही! ग्लुकोजच्या सहा कार्बनना बारा ऑक्सिजन लागले, त्यातले सहा ग्लुकोजचे स्वतःचे आणि सहा पाण्यातून घेतलेले. म्हणून पूर्ण समीकरण नीट लिहिलं तर एका बाजूला पाण्याचे सहा रेणू खर्च होतात आणि दुसऱ्या बाजूला बारा तयार होतात, आपण परीक्षेत सहाला सहा काटून नुसते सहा लिहितो आणि तिथेच सगळा घोळ होतो, कारण काटलं की दिसेनासं होतं.

मग इतकं सगळं तोडून मिळवलं काय? एटीपी तर दोन आधीचे आणि दोन इथले, चारच. खरी कमाई आहे इलेक्ट्रॉन. ग्लुकोज तुटताना प्रत्येक मोक्याच्या पायरीवर त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि ते उचलायला एनएडी नावाची शेअर रिक्षा उभी असते. आपल्या शेअर रिक्षात तीन सीट, हिच्यात दोन इलेक्ट्रॉन, भरली की तिला एनएडीएच म्हणायचं. एका ग्लुकोजमागे अशा दहा रिक्षा भरतात, शिवाय एफएडी नावाच्या जरा कमी दमाच्या दोन. या सगळ्या जातात मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याकडे, तिथे सवारी उतरवतात आणि रिकाम्या होऊन पुन्हा स्टँडवर येतात. रिकामं होऊन परत येणं महत्त्वाचं, कारण रिक्षा मोजक्याच आहेत.

पडद्यावर काय होतं? तिथे प्रथिनांची एक रांग आहे, इलेक्ट्रॉन वहन साखळी म्हणतात ती, आणि प्रत्येक पुढच्या प्रथिनाला इलेक्ट्रॉनची ओढ मागच्यापेक्षा जास्त. म्हणून इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे उतरत जातात, आम्ही येऊरहून परत खाली उतरलो तसे, आणि उतरताना थोडी थोडी ऊर्जा सोडतात. सगळ्यात शेवटी, जिथे ओढ सगळ्यात जास्त, तिथे बसलेला असतो ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन घेतो, आजूबाजूचे हायड्रोजन आयन घेतो आणि पाणी होतो. बस. तुमच्या प्रत्येक श्वासाचं काम एवढंच, शेवटच्या स्टेशनला उभं राहून गाडी रिकामी करणं. विश्रांतीत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो आणि तो जवळपास सगळा या एका कामाला जातो. असं अन्नापासून बनलेलं पाणी दिवसाला पाव लिटरच्या आसपास होतं, आणि ते बाकीच्या पाण्यात मिसळून जातं.

हे काम छोटं वाटतंय का? सीएसएमटीला गाड्या रिकाम्या झाल्या नाहीत की काय होतं ते ठाणेकराला सांगायला नको. मागे भायखळा, दादर, कुर्ला, करत करत ठाण्यापर्यंत लोकल उभ्या. ऑक्सिजन नसला की तेच, शेवटचा इलेक्ट्रॉन घ्यायला कुणी नाही म्हणून त्याच्या मागचा अडकला, त्याच्या मागचा अडकला, साखळी भरली, मग रिक्षांना सवारी उतरवता येईना, स्टँडवर रिकामी रिक्षाच नाही, म्हणून क्रेब चक्र बंद. चक्रात कुठेही ऑक्सिजन थेट लागत नाही आणि तरी ऑक्सिजनशिवाय ते चालत नाही, त्याचं कारण हे. सायनाइड विष एवढं झटपट का मारतं तेही यातच आलं, ते साखळीतल्या शेवटच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर पण त्याच्या हातात इलेक्ट्रॉन द्यायचा दरवाजाच बंद. कार्बन मोनॉक्साइडचा मुख्य मार त्याच्या आधी, रक्तात बसतो, हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर खिडकी उघडी ठेवा असं मी ज्याला त्याला सांगत असतो, वास येत नाही त्याला, कळतच नाही.

आता पडद्याची खरी गोष्ट. इलेक्ट्रॉन उतरताना जी ऊर्जा सुटते ती थेट एटीपीत जात नाही. ती एक पंप चालवते. आमच्या सोसायटीत तळाशी टाकी, गच्चीवर टाकी, आणि वॉचमन पहाटे पंप लावतो, पाणी वर चढतं, मग दिवसभर ते आपसूक खाली येतं. साखळीतली तीन प्रथिनं हाच पंप आहेत, फक्त पाण्याऐवजी प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, पडद्याच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलतात. बाहेर गर्दी होते, आत कमी, आणि त्या प्रोटॉनना परत आत यायची घाई सुटते. पडदा जेमतेम 5 नॅनोमीटरच्या आसपास जाड आणि त्याच्या दोन बाजूंत फरक सुमारे 150 मिलिव्होल्ट. ऐकायला काहीच नाही, पेन्सिल सेलचा दहावा हिस्सा. पण तो फरक एवढ्याशा जाडीवर आहे म्हणून मीटरच्या हिशोबात तो 3 कोटी व्होल्ट होतो, हवेत ठिणगी पडायला मीटरला 30 लाख पुरतात. म्हणजे त्याच्या दहापट ताण आपण पोटात, मांडीत, मेंदूत, सगळीकडे घेऊन हिंडतोय.

आणि आत यायचा रस्ता एकच मोठा, त्या रस्त्यावर टर्बाइन बसवलंय. कोयनेला पाणी पडतं आणि टर्बाइन फिरतं, तसंच शब्दशः. एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन, प्रोटॉन त्याच्यातून घुसतात, त्याचा मधला दांडा गरगर फिरतो, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेऊ शकतो, आणि प्रत्येक फेऱ्याला तीन एटीपी बाहेर. मी "शब्दशः" म्हटलं ते उपमा म्हणून नाही, 1997 मध्ये जपानी संशोधकांनी या दांड्याला एक चमकणारा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना डोळ्यांनी बघितला. भाची म्हणाली व्हिडिओ आहे का, येऊरला नेटवर्क नव्हतं म्हणून वाचलो, नाहीतर तिथेच तासभर बसलो असतो.

ही प्रोटॉनची कल्पना 1961 मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडली तेव्हा लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. सगळे शोधत होते एखादं मधलं रसायन, जे ऊर्जा हातातून हातात देत असेल, आणि हा म्हणाला रसायन वगैरे नाही, नुसता दोन बाजूंमधला फरक पुरे. पुढे त्यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढली, आणि 1978 मध्ये नोबेल मिळालं.

इथे 38चा प्रश्न येतो. एका ग्लुकोजपासून 38 एटीपी, हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय, एका एनएडीएचचे 3 आणि एफएडीएच टूचे, म्हणजे भरलेल्या एफएडीचे, 2. हा आकडा आला कुठून तर त्या मधल्या रसायनाच्या समजुतीतून, हातातून हातात द्यायचं तर पूर्णांकच पाहिजे ना. पण मामला पंप आणि टाकीचा असेल तर पूर्णांकाची सक्ती संपली. एका एनएडीएचमागे साधारण 10 प्रोटॉन बाहेर जातात, एक एटीपी बनवून पोचवायला 4 लागतात, म्हणजे अडीच एटीपी. दुसऱ्या रिक्षाचे दीड. दहा गुणिले अडीच पंचवीस, दोन गुणिले दीड तीन, आणि आधीचे चार, झाले 32, त्यात पेशीद्रव्यातल्या दोन रिक्षांची सवारी पडद्यापार न्यायला कधी कधी भुर्दंड पडतो म्हणून 30. भाचीने लगेच विचारलं की पेपरात काय लिहू. पेपरात पुस्तकात जे असेल ते लिही बाई, पण मनात 30 ते 32 ठेव.

30 एटीपी धरले तर 686 किलोकॅलरीपैकी एक तृतीयांशाच्या आसपास हाताला लागतात, पेशीतली खरी परिस्थिती धरली तर थोडे जास्त. बाकी उष्णता. वाया गेली म्हणू नका, 37 अंशाला आपण त्याच्यावरच टिकून असतो, आणि दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणारा माणूस म्हणजे सरासरी शंभरएक वॉटचा हीटर, म्हणून वीज गेल्यावर बंद एसी लोकलमध्ये काय होतं ते तुम्हीच बघा. बाळांच्या शरीरात तर मुद्दाम तशी सोय असते, तपकिरी चरबीतल्या मायटोकॉन्ड्रियात पडद्याला एक गळती ठेवलेली असते, प्रोटॉन टर्बाइन टाळून आत येतात आणि सगळी ऊर्जा उबेत जाते. 1930 च्या दशकात अमेरिकेत डीएनपी नावाचं रसायन बारीक व्हायच्या गोळ्या म्हणून विकलं गेलं, ते सगळ्याच पेशींत अशी गळती पाडतं, वजन खरंच उतरायचं आणि माणसं आतल्या आत तापून मरायची. 1938 नंतर ते बंद झालं, पण ऑनलाइन अजून कुणी कुणी विकतं, घेऊ नका.

मिसळीत पाव एकटा नव्हता हे भाचीने आठवण करून दिलं. तर्रीतलं तेल दोन दोन कार्बनचे तुकडे होऊन थेट क्रेब चक्रात शिरतं, आणि तेलात इलेक्ट्रॉन ठासून भरलेले असतात म्हणून ग्रॅमला 9 किलोकॅलरी, पावाच्या दुपटीहून जास्त. मटकीतली प्रथिनं आधी नायट्रोजन काढून देतात, तो युरिया होऊन लघवीतून जातो, उरलेला सांगाडा कुठेतरी मधे याच रस्त्याला लागतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की पोटावरची चरबी कमी होते तेव्हा ती घामातून जात नाही. चरबीच्या वजनात तीन चतुर्थांशाहून जास्त कार्बन असतो, आणि तो कार्बन बाहेर पडतो तो नाकातोंडातून, कार्बन डायऑक्साइड होऊन. उपवनला लोक रेनकोट घालून पळतात घाम यावा म्हणून, त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं, पण सांगत नाही.

आणि धाप? चढावर मांडीला एटीपी एवढं लागतं की ऑक्सिजन पोचवणं मागे पडतं, मग पेशी दोन एटीपीवाल्या ग्लायकोलायसिसवर जोर देते. पण रिक्षा रिकाम्या व्हायला पाहिजेत, तर पायरुविक आम्लावरच सवारी उतरवतात, त्याचं लॅक्टेट होतं. तात्पुरती सोय. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टेटमुळे असं जिममध्ये सांगतात, ते खरं नाही, लॅक्टेट तासाभरात निघून जातं, दुखणं स्नायूंच्या बारीक इजेचं. यीस्ट हीच सवारी वेगळ्या तऱ्हेने उतरवतं, त्यात अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि सकाळी खाल्लेल्या पावाला जाळी पडली ती त्याच वायूची. रक्तातल्या तांबड्या पेशींचं तर कमालच, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया नसतातच, आयुष्यभर ऑक्सिजन वाहतात आणि स्वतः एक रेणू वापरत नाहीत. दुपारी दुसऱ्यांचे डबे पोचवून स्वतः वडापाव खाणाऱ्यासारखं.

वर पोचल्यावर भाची म्हणाली, मग मायटोकॉन्ड्रियाच सगळं करतात तर त्या आल्या कुठून. फार फार पूर्वी त्या स्वतंत्र जिवाणू होत्या, दुसऱ्या पेशीच्या आत शिरल्या आणि राहिल्या, म्हणून अजून त्यांचा स्वतःचा गोल डीएनए आहे, माणसात 37 जनुकांचा. आणि तो येतो फक्त आईकडून. म्हणजे तिला तिच्या आईकडून, तिच्या आईला आमच्या आईकडून, आणि मला पण आमच्या आईकडून. मामा आणि भाचीचे मायटोकॉन्ड्रिया एकाच घरचे! येऊर चढताना तिच्या मांडीत आणि माझ्या मांडीत जे टर्बाइन फिरत होतं ते आजीच्या वाटणीतलं, तिचं नवं आणि माझं जरा गंजलेलं, एवढाच फरक. माझ्या स्वतःच्या मुलाला मात्र माझ्याकडून त्या मिळालेल्या नाहीत, त्याच्यात सगळ्या बायकोच्या माहेरच्या, म्हणजे जळगावकडच्या. बायको म्हणते म्हणूनच तो मिसळ तिखट घेतो. त्याला शास्त्रीय आधार काही नाही.